माऊसचे झिजलेले बटण : बदली भाग कसा शोधावा आणि बसवावा

सेवा केंद्रातला किंवा अडत दुकानातला माऊस सहसा एकाएकी बंद पडत नाही; त्याचे डावे बटण तेवढे दगा देऊ लागते. एकदा दाबले तर दोनदा दाबल्याची नोंद होते, फाइल ओढून नेताना मध्येच सुटते, आणि पीकविम्याच्या अर्जात नको ती चौकट निवडली जाते. बहुतेक जण अशा वेळी माऊस टाकून नवा घेतात. साधा, स्वस्त माऊस असेल तर त्यात चूकही नाही. मात्र हाताला बसलेला चांगला माऊस असेल, किंवा नव्यासाठी तालुक्याला एसटीने जाणे-येणेच महाग पडत असेल, तर बटणाखालचा लहानसा स्विच बदलणे परवडते. या कामात डाग देण्यापेक्षा (म्हणजे सोल्डरिंग करण्यापेक्षा) नेमका भाग ओळखणे आणि मिळवणे हेच खरे अवघड आहे, म्हणून या लेखात भर त्यावर दिला आहे.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे

माऊस दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. दोष माऊसबरोबर तिकडेही गेला तर तो माऊसमध्येच आहे. गेला नाही तर संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘डबल क्लिक’चा वेग तपासावा. संपूर्ण माऊस मधूनमधून बंद पडत असेल तर शंका बटणावर न घेता वायरवर घ्यावी, कारण वायर जेथे माऊसमध्ये शिरते तेथे ती आतून तुटते. बिनतारी माऊस असेल तर आधी सेल बदलावा. भाग येईपर्यंत काम अडू नये म्हणून विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये उजवे बटण मुख्य म्हणून निवडता येते. एक-दोन दिवस हात चुकतो, पण अर्ज भरले जातात.

माऊस उघडणे

वायर काढावी, सेल असल्यास तोही काढावा. स्क्रू बहुधा तळाच्या चकचकीत पायपट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. पट्टी कोपऱ्यातून हळू उचलून काचेवर चिकटवून ठेवावी, म्हणजे तिच्या चिकट बाजूला धूळ बसत नाही. स्क्रू निघूनही झाकण निघत नसेल तर पुढच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खाचा अडकलेल्या असतात. झाकण जोराने ओढू नये, कारण काही माऊसमध्ये वरचा आणि खालचा भाग चपट्या पट्टीसारख्या वायरने जोडलेला असतो.

आत पाहिल्यावर प्रथम बटणाच्या प्लॅस्टिकची आतली बाजू निरखावी. बटणाला खालून एक टोक असते आणि ते स्विचच्या बारीक दट्ट्यावर टेकते. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्या टोकाला खड्डा पडला असेल आणि बटण खिळखिळे वाटत असेल, तर जुन्या सिमकार्डाच्या चौकटीचा पातळ तुकडा तेथे चिकटवल्याने भागते, नवा स्विच लागतच नाही. एका दाबाच्या दोन नोंदी होत असतील तर मात्र स्विचच गेला आहे असे समजावे. त्याच्या आतली धातूची पातळ पाती ताण गमावते, संपर्काच्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि एका दाबात संपर्क जुळून-तुटून पुन्हा जुळतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा किंवा स्विच उघडून पाती वाकवणे हे उपाय आराम देतात, पण तो फार टिकत नाही.

भाग ओळखणे

डाव्या-उजव्या बटणांखाली बहुतेक माऊसमध्ये आयताकृती, तीन पायांचा मायक्रोस्विच असतो. त्याची लांबी सुमारे १२.८, रुंदी ५.८ आणि दट्टा सोडून उंची ६.५ मिलिमीटर असते. शेजारच्या दोन पायांत ५.०८ मिलिमीटर अंतर असते. घरी व्हर्नियर नसेल तर शाळेच्या फूटपट्टीने पहिल्या आणि तिसऱ्या पायातले अंतर मोजावे, ते एक सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त भरले पाहिजे. अधिक काटेकोर माप हवे असेल तर लेथच्या दुकानात व्हर्नियर असतोच. हे माप बऱ्याच कंपन्यांनी सारखे ठेवले आहे, म्हणून एका कंपनीच्या माऊसमध्ये दुसऱ्या कंपनीचा स्विच बसतो.

त्यानंतर स्विचच्या अंगावरची रोमन अक्षरे भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून वाचून जशीच्या तशी लिहून घ्यावीत. ओम्रॉनचा ‘डी२एफसी-एफ-७एन’ हा क्रमांक माऊसमध्ये वारंवार आढळतो; पुढे कंसात २०एम असेल तर त्याचा अर्थ दोन कोटी दाबांचे घोषित आयुष्य. त्याच्या जागी त्याच कंपनीचा ‘डी२एफ-०१एफ’ चालतो, आणि तो अगदी कमी विद्युतप्रवाहासाठीच बनवलेला असल्याने माझ्या मते अधिक चांगला. कैल्हचा ‘जीएम ८.०’ आठ कोटी दाबांचा सांगितला जातो. हुआनोचे स्विचही याच मापात मिळतात.

येथे एक अक्षर महाग पडते. ‘डी२एफ-०१’ आणि ‘डी२एफ-०१एफ’ दिसायला सारखेच, पण शेवटचे ‘एफ’ नसलेला स्विच दाबायला सुमारे दुप्पट जोर लागतो आणि संध्याकाळपर्यंत बोट दुखते. नावाच्या शेवटी ‘एल’ असेल तर वर धातूची पट्टी बसवलेली असते. ती माऊसच्या झाकणाखाली मावत नाही. दुकानदाराने यंत्रांमधला मोठा मायक्रोस्विच पुढे केला तरी घेऊ नये, त्याचे पाय या छिद्रांत जात नाहीत.

चाकाखालचे आणि बाजूचे बटण बहुधा चौकोनी, सहा बाय सहा मिलिमीटरच्या टॅक्ट स्विचवर चालते. त्यात उंचीच महत्त्वाची असते. तळापासून दट्ट्याच्या माथ्यापर्यंतची उंची ४.३, ५, ७ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बटण सतत दाबलेले ठेवू शकतो.

काही नव्या, महागड्या माऊसमध्ये ऑप्टिकल स्विच असतात. त्यांत दाब प्रकाशाच्या किरणाने ओळखला जात असल्यामुळे वरचे साधे स्विच त्यांच्या जागी बसत नाहीत.

भाग मिळवणे

सर्वांत जवळचे दुकान म्हणजे मेलेला माऊस. संगणक वर्ग, बंद पडलेले सायबर कॅफे, भंगारवाले यांच्याकडे वायर तुटलेले माऊस पडून असतात. अशा माऊसचे उजवे बटण डाव्याच्या मानाने फार कमी वापरलेले असते, म्हणून स्विच तेथूनच काढावा. स्वतःच्या माऊसमधला उजवा आणि डावा स्विच एकमेकांच्या जागी बसवणे हाही एक मार्ग आहे. उजवे बटण थोडे बिघडलेले असले तरी चालून जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जुने माऊस दिसले तरी परस्पर घेऊ नयेत. ते जडवस्तू नोंदवहीत असतात आणि रीतसर निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणे) झाल्याशिवाय शिक्षकांनाही ते देता येत नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी टीव्ही-सेट टॉप बॉक्स दुरुस्त करणाऱ्याकडे चौकोनी टॅक्ट स्विच मिळण्याची शक्यता चांगली असते. तीन पायांचा मायक्रोस्विच मात्र त्याच्याकडे क्वचितच असतो, तरी आठवडी बाजाराच्या दिवशी जुना स्विच खिशात घेऊन जावे आणि तो काउंटरवर ठेवून “भाऊ, याच्या जोडीचा आहे काय?” असे विचारावे, नुसते नाव सांगण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते. नागपूरला दुसऱ्या कामाने जाणे असेल तर सीताबर्डीत चौकशी करावी, पण केवळ दोन स्विचांसाठी यवतमाळ-गडचिरोलीकडून नागपूर गाठणे हा व्यवहार नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे भाग मिळतात. तिकडे कुणी नातेवाईक राहत असेल तर त्याला स्विचचा फोटो पाठवावा.

उरतो ऑनलाइन मार्ग, आणि खेड्यासाठी बहुधा तोच सोयीचा. खाजगी कुरिअर गावापर्यंत येत नसेल तर टपालाने पाठवणारा विक्रेता निवडावा किंवा तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यावा. स्विच बहुधा जोडीने किंवा पाच-दहाच्या पाकिटात येतात. पाकीट घ्यावे आणि दोन्ही बटणे एकदमच बदलावीत, म्हणजे त्यांचा दाब सारखा राहतो. नामांकित क्रमांकांच्या नकलाही विकल्या जातात, म्हणून छपाई पुसट किंवा वाकडी असेल, अथवा एकाच पाकिटातल्या स्विचांचा आवाज वेगवेगळा येत असेल, तर परत करावे.

तपासून बसवणे

मल्टिमीटर बीपवर ठेवून नव्या स्विचच्या पायांच्या जोड्या तपासाव्यात. एक जोडी बहुधा न दाबता बीप देते, दुसरी दाबल्यावरच देते. माऊस बहुधा दुसरीच वापरतो. दट्टा मध्यावर नसून एका बाजूला असतो, त्यामुळे जुना काढण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि नव्याचा दट्टा त्याच बाजूला ठेवावा.

२५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री पुरते. जुन्या डागावर आधी थोडे ताजे सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) लावावे, मग सक्शन पंपाने ते ओढून घ्यावे. कोरडा जुना डाग तापवत बसल्यास बोर्डावरचा तांब्याचा थर उखडतो. स्विच जोराने उपसू नये. नवा स्विच बोर्डाला सपाट टेकवून आधी एकच पाय जोडावा, सरळ बसल्याची खात्री करावी आणि मग उरलेले दोन जोडावेत. एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टोक ठेवू नये. इस्त्री नसेल तर त्याच टीव्ही मेकॅनिककडे माऊस आणि नवा भाग दोन्ही न्यावेत.

झाकण लावण्यापूर्वी माऊस जोडून एक फाइल पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाहावी. ती मध्येच सुटली नाही तर स्क्रू लावावेत. पायपट्ट्यांचा चिकटपणा गेला असेल तर पातळ दुहेरी चिकटपट्टी वापरावी, जाड फोमची नव्हे, कारण तळ आणि टेबल यांतले अंतर वाढले की सेन्सरला पृष्ठभाग नीट दिसत नाही आणि पॉइंटर अडखळतो.