स्पितीतील उंचावरच्या गावात मुक्काम कसा करावा

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातूनही पुष्कळ प्रवासी जातात. त्यांतील बरेच जण काझा येथील हॉटेलात उतरतात आणि किब्बर, लांगझा, हिक्किम व कोमिक ही गावे गाडीने एका दिवसात पाहून परततात. या गावांचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर त्यांपैकी एकच गाव निवडून तेथील एखाद्या घरी निदान तीन-चार रात्री राहावे. मात्र या गावांत पाणी, इंधन आणि माणसांचे श्रम मोजूनमापून वापरले जातात. आपल्या राहण्यामुळे त्या हिशेबावर ताण पडू नये, अशा बेताने पाहुण्याने मुक्कामाची आखणी करावी.

पहिला विचार उंचीचा. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. काझा सुमारे ३,७०० मीटरवर, किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर, तर कोमिक साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षे डोंगर चढलेल्या माणसालाही या उंचीचा अनुभव नसतो, कारण येथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ६० टक्केच असतो आणि दमसास कितीही चांगला असला तरी शरीराला त्याची सवय होण्यास दिवस लागतातच. मनालीहून अटल बोगदा आणि कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठता येते. हा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर या काळात खुला असतो. परंतु जाताना तो टाळावा आणि शिमला-किन्नौरचा लांबचा रस्ता धरावा, असे माझे ठाम मत आहे. त्या वाटेने एक रात्र कल्पा येथे, एक रात्र इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या ताबो गावी आणि दोन रात्री काझा येथे काढून मग किब्बरला गेल्यास, तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून फारशी वाढवू नये हा नियम आपोआप पाळला जातो. डोकेदुखी, मळमळ किंवा झोप न लागणे अशी लक्षणे दिसल्यास आणखी वर जाऊ नये. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली उतरवावे आणि काझा येथील सरकारी रुग्णालयात न्यावे. उंचीच्या त्रासावरील डायमॉक्ससारखे औषध निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते त्यांना आवर्जून सांगावे.

रोख रक्कम पुरेशी जवळ ठेवावी, कारण काझा येथील एटीएमवर भिस्त ठेवता येत नाही आणि त्यापुढील गावांत ती सोयही नाही. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल काझा येथेच पूर्ण भरून घ्यावे.

आता पाण्याविषयी, कारण पाहुण्याकडून सर्वाधिक चूक येथेच होते. स्पिती हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे पावसावर शेती होत नाही. हिवाळ्यात पडलेला बर्फ वितळतो आणि ते पाणी ‘कूल’ म्हणजे लहान पाटांतून शेतांपर्यंत आणले जाते. कोणाच्या शेताला पाणी केव्हा मिळायचे हे गावाने ठरवलेले असते. एखाद्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला, तर मे महिन्यात पेरलेले जव आणि वाटाणे ऑगस्टपर्यंत तग धरतीलच याची खात्री नसते, आणि हिरवा वाटाणा हे तर गावात रोख पैसा आणणारे मुख्य पीक आहे. वर्षातून एकच पीक येते. ते गेले की दुसरी संधी नसते. म्हणून रोज अंघोळ करण्याचा आग्रह धरू नये, अंग ओल्या कापडाने पुसून घ्यावे, कपडे धुण्याचे काम खाली परत येईपर्यंत लांबवावे आणि पाणी तापवून मागण्यापूर्वी त्यासाठी जळणारे शेण किंवा लाकूडही कोणी तरी गोळा करून ठेवलेले आहे, हे लक्षात घ्यावे.

शौचालयही याच हिशेबाचा भाग आहे. पारंपरिक घरात ते कोरडे असते: वरच्या खोलीच्या जमिनीत एक भोक, खाली बंद खोली आणि शेजारी माती, राख किंवा कोरड्या शेणाचा ढीग. वापरानंतर फावड्याने त्यातील थोडे खाली टाकावे, म्हणजे दुर्गंधी राहत नाही. त्यात पाणी ओतू नये. प्लास्टिक, ओले टिश्यू किंवा सॅनिटरी पॅड तर मुळीच टाकू नयेत, कारण खालच्या खोलीत तयार झालेले खत पेरणीआधी शेतात जाते आणि ते हाताने पसरवले जाते. पाहुण्यांसाठी फ्लशची शौचालये बांधा, असा आग्रह यजमानांकडे कधीही धरू नये. कडाक्याच्या थंडीत नळ गोठतात, आणि खत व पाणी दोन्ही वाया जाते.

जेवणात घरी शिजेल ते खावे. या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्यामुळे डाळ-भात प्रेशर कुकरखेरीज नीट शिजत नाही, आणि प्रत्येक वेगळ्या मागणीला जास्तीचे इंधन लागते. भाजलेल्या जवाचे पीठ, काळे वाटाणे आणि थुक्पा हे तेथील अन्न पोटभरीचे आणि चवीचे असते. संध्याकाळी घरातील सर्व मंडळी तंदूर म्हणजे लोखंडी शेगडी असलेल्या एकाच खोलीत बसतात. स्वतंत्र खोलीत हीटर मागण्यापेक्षा तेथेच जाऊन बसावे. शेतीचे, जनावरांचे आणि चाऱ्याचे बोलणे तेथेच ऐकायला मिळते; उन्हाळ्यात छपरावर वाळत घातलेले गवत हिवाळ्यातील किती महिने पुरवायचे असते, हेही तेथेच उमगते.

गावात फिरताना चोर्तेन (बौद्ध स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, आणि भेटणाऱ्यास ‘जुले’ म्हणावे. शेतातील वाटाण्याच्या शेंगा तोडू नयेत. रस्त्याकडेला वाढलेल्या असल्या तरी ती कोणाची तरी वर्षभराची कमाई आहे. लांगझाच्या परिसरात हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे असलेल्या टेथिस समुद्रातील शंखवर्गीय प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. ते उचलू नयेत आणि कोणी विकायला आणले तरी घेऊ नयेत, कारण मागणी वाढली की डोंगर उकरण्यास उत्तेजन मिळते. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणेही टाळावे. पर्यटकांच्या उरल्यासुरल्या अन्नावर त्यांची संख्या वाढते, आणि पर्यटक निघून गेल्यावर ती मेंढ्यांवर व रानातील प्राण्यांवर तुटून पडतात. किब्बरच्या आसपासच्या डोंगरांत आयबेक्स व भरल हे रानटी शेळ्या-मेंढ्यांसारखे प्राणी आणि हिमबिबट्या यांचे वास्तव्य आहे. हिमबिबट्याने पाळीव जनावर मारले तर त्या घराचे नुकसान होते, म्हणून त्याच्या छायाचित्रासाठी आलेल्या पाहुण्याने स्थानिक वाटाड्या घ्यावा व त्याला योग्य मोबदला द्यावा.

देमूलसारख्या गावात पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी पाठवण्याची पद्धत आहे. अशा ठिकाणी एखादे घर अधिक चांगले दिसले म्हणून तेथेच राहण्याचा हट्ट धरू नये, कारण उत्पन्न सर्वांना मिळावे यासाठीच ती व्यवस्था आहे. राहण्या-जेवणाच्या दरात घासाघीस करू नये. निघताना बॅटऱ्या, औषधांची वेष्टने, पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे आपल्याच पिशवीत भरून घ्यावीत आणि त्यांची योग्य विल्हेवाट लागेल अशा शहरापर्यंत परत न्यावीत.