मेक्सिकन स्ट्रीट कॉर्न घरी: भाजणं सोपंय, सांभाळायचा असतो तो लेप

कणीस भाजायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मेक्सिकोत गाडीवर मिळतं ते एलोते म्हणजे तेच कणीस, फक्त लिंबू आणि तिखटाच्या खाली मेयोनीज आणि क्रीमचा एक थर असतो आणि त्या थरावर चुरलेलं खारट चीज चिकटवलेलं असतं. आणि बहुतेक घरी जे बिघडतं ते इथेच, म्हणजे कणीस मस्त भाजतात आणि मग वरून मेयो असं ओततात की ते कोपरापर्यंत ओघळतं, चीज ताटात पडतं आणि तोंडात नुसती चिकट गोड चव राहते. मेयो हा इथे सॉस नाहीये, तो डिंक आहे, चीज आणि तिखट धरून ठेवण्यापुरताच हवा. एवढं डोक्यात ठेवलं की बाकी सगळं जमतं.

तिथे गाड्यांवर दोन्ही प्रकार असतात, मोठ्या पातेल्यात उकडलेली कणसं आणि कोळशावर भाजलेली. संध्याकाळी चौकात गाडी लागते, मेक्सिको सिटीतला कोयोआकानचा भाग तर यासाठी प्रसिद्धच आहे. मका मुळात तिथलाच, दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून लोकांनी तो घडवला. मिरचीही तिकडचीच. लिंबू मात्र आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं, आणि तिथे जे छोटं पातळ सालीचं लिंबू पिळतात ते आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं, त्यामुळे महागडा मोठा हिरवा लाइम शोधत फिरू नका, भाजीवाल्याकडचं लिंबूच बरोबर आहे.

कणीस कुठलं घ्यायचं? मेक्सिकोत रस्त्यावर जो मका असतो तो पांढरट, जाड दाण्याचा, कमी गोड आणि पिठूळ असतो. त्याच्या जवळ जाणारा म्हणजे आपला देशी मका, स्वीट कॉर्न नाही. पण देशी कणीस कोवळं पाहिजे, दाण्यात नख खुपसलं की पांढरं दूध यायला हवं, नाही आलं तर ते कणीस जून आहे, कितीही भाजा, चावून जबडा दुखेल. असं दुधाळ देशी कणीस पावसाळ्यातच मिळतं. बाकी वर्षभर स्वीट कॉर्न वापरा, काही बिघडत नाही, फक्त मग लिंबू आणि मीठ थोडं हात सोडून घाला कारण गोडवा मारावा लागतो. आणि तोडलेल्या कणसातली साखर भराभर कमी होत जाते, म्हणून आणलं त्या दिवशीच करा.

४ कणसांसाठी मेयो ४ टेबलस्पून, क्रेमाच्या (म्हणजे तिथल्या आंबटसर क्रीमच्या) जागी २ टेबलस्पून चक्का आणि १ टेबलस्पून फ्रेश क्रीम, लसणाची एक छोटी पाकळी किसून, चीज साधारण १०० ग्रॅम, २ लिंबं, तिखट, मीठ. आपल्याकडचं एगलेस मेयो बरेचदा गोडसर असतं, ते तसंच लावलं तर पदार्थ सँडविचसारखा लागतो, म्हणून त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून चाखून बघा, गोड मागे गेलं पाहिजे. मेक्सिकोत लिंबू घातलेलं मेयो बरणीतच मिळतं, तेव्हा हे काही आपलं जुगाड नाही.

आता चीज. खरं चीज कोतिहा, मिचोआकान राज्यातल्या कोतिहा गावाच्या नावाचं, मुरवलेलं, चांगलं खारट, हाताने चुरलं जाणारं, आणि मुख्य म्हणजे गरम कणसावर न वितळणारं. म्हणून क्यूब किसून घालू नका, मोझरेला तर अजिबात नको, त्याच्या तारा सुटतात आणि पिझ्झा होतो. फेटा मिळालं तर उत्तम, पाणी निथळून चुरा. नसेल तर पनीर चालतं कारण दूध आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे तेही वितळत नाही, पण पनीर फिकं असतं, त्याला तयार करावं लागतं. १०० ग्रॅम पनीर हाताने बारीक चुरा, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस चोळा, फडक्यात घट्ट पिळून काढा आणि तासभर फ्रीजमध्ये उघडं ठेवा म्हणजे कोरडं होतं. चाखलं तर नुसतं खायला जरा जास्तच खारट वाटलं पाहिजे, मग ते बरोबर झालंय, कारण मक्यावर पडल्यावर ते सौम्य होतं.

तिखटाचं म्हणाल तर तिथे वाळवलेल्या मिरचीची पूड असते, पिकीन वगैरे, नाहीतर ताहीन नावाचा मिरची-लिंबू-मिठाचा तयार मसाला. आपण काश्मिरी आणि बेडगी अर्धी अर्धी घ्या, तव्यावर अगदी सेकंदभर गरम करा म्हणजे कच्चा वास जातो. चाट मसाला घालायचा मोह होईल, घातलात तर छान लागेल पण मग ते मेक्सिकोतलं राहत नाही, जिरं आणि काळं मीठ सगळ्यावर चढतं.

भाजायचं कसं. साल पूर्ण काढून टाकू नका, मागे ओढून देठाशी बांधा, धरायला मूठ होते. केस मात्र सगळे काढा, जळले की कडू लागतात. देशी कणीस असेल तर मिठाच्या पाण्यात कुकरला एक शिट्टी काढून घ्या, नाहीतर बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं. स्वीट कॉर्न ५ मिनिटं वाफवलं तरी पुरे. काडी लावायची असेल तर आत्ताच, उकडल्यावर मधला दांडा मऊ असतो तोवर, आणि काडी जाड बांबूची घ्या, आईस्क्रीमची काडी मध्येच मोडते.

मग कणीस फडक्याने पुसून कोरडं करा, खरंच कोरडं. ओल्या कणसावर डाग पडत नाहीत, आधी पाणी उडण्यातच आच जाते, आणि नंतर मेयोही त्यावरून घसरतं. निखारे असतील तर प्रश्नच नाही. गॅसवर करायचं तर जाळी ठेवून मध्यम मोठ्या आचेवर, थोडं तेल चोळून, दर मिनिटाला थोडं थोडं फिरवत ६ ते ८ मिनिटं. दाणे तडतडतात, एखादा फुटून उडतो, तोंड लांब ठेवा आणि सालीची मूठ आचेच्या बाहेर ठेवा. गॅसवर जाळी नको वाटत असेल तर बिडाचा तवा कडकडीत तापवून त्यावर फिरवा, तिथे दाण्यांच्या फक्त शेंड्यांवर काळे ठिपके येतात, मला उलट तेच जास्त आवडतं. सगळं कणीस काळं करायचं नाहीये, पिवळ्यात काळे डाग हवेत.

गॅस बंद केला की मिनिटभर थांबा. उकळत्या गरम कणसावर मेयो लावलं की ते फुटतं, तेल वेगळं होतं आणि खाली गळतं. हात लावता येईल इतपत गरम असताना मेयो, चक्का, क्रीम आणि लसूण एकत्र केलेलं मिश्रण ब्रशने लावा, ब्रश नसेल तर चमच्याच्या मागच्या बाजूने पसरा, आणि थर इतका पातळ ठेवा की खालचे काळे डाग दिसले पाहिजेत. एका कणसाला मोठा दीड चमचा खूप झाला. लगेच ताटातल्या चिजात कणीस लोळवा, मग तिखट भुरभुरवा, आणि लिंबू अगदी शेवटी, खाणाऱ्याने आपल्या हाताने. आधी पिळलं तर थर पातळ होतो आणि चीज सुटतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे सगळं फारच सोपं आहे, जवळच्या मेक्सिकन किराणा दुकानात कोतिहा, क्रेमा, ताहीन तिन्ही मिळतात, तिथून आणा आणि वरचा पनीरचा परिच्छेद सोडून द्या. कोथिंबीर वरून घातलेली बरेचदा दिसते, ती अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांची सवय जास्त, आवडत असेल तर घाला.

पाहुणे जास्त असतील किंवा घरात दातांची तक्रार असणारं कुणी असेल तर एस्कितेस करा, हाही मेक्सिकोतल्या गाडीवरचाच प्रकार. भाजलेल्या कणसाचे दाणे सुरीने उतरवा, लोण्यावर हिरवी मिरची परतून दाणे घाला, २ चमचे पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवा, ग्लासात भरा आणि वरून तेच मेयो, चीज, तिखट, लिंबू. तिथे यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला पडतो, त्याला आपल्याकडे नीट पर्याय नाही, सरळ वगळा. आणि लेप लावलेली कणसं उरवू नका, फ्रीजमध्ये चीज ओलं होऊन लगदा होतो. लागतील तेवढ्याच कणसांना लेप लावा, बाकीची नुसती भाजून ठेवा, दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करून ताजा लेप लावता येतो.