रॉडची कॉइल गेली का? घरीच बघा

पाणी तापवायचा रॉड चालेना की आपण सरळ नवा आणतो. पुष्कळदा रॉड शाबूत असतो, बिघाड सॉकेटमध्ये असतो.

१. रॉडवर लिहिलेले वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे अँपिअर. १५०० वॉटला साडेसहा.
२. आता २३० भागिले साडेसहा. आले ३५ ओहम, हा कॉइलचा (आतल्या तापणाऱ्या तारेचा) रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा.
३. प्लग काढा. मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) २०० ओहमवर ठेवून टोकं दोन बारीक पिनांना लावा (जाड पिन अर्थिंगची). ३५च्या आसपास आकडा आला तर कॉइल ठीक, सॉकेट तपासून घ्या. डावीकडे नुसता १ किंवा ‘ओएल’ दिसलं तर कॉइल किंवा वायर तुटली.

गावाकडे व्होल्टेज १९०वर आलं की पाणी तापता तापत नाही, तेही यातच कळतं: १९० गुणिले १९० भागिले ३५, म्हणजे जेमतेम १०३० वॉट. तेव्हा रॉडला दोष देऊ नका.

आणि साडेसहा अँपिअरचा रॉड ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला कधीच लावू नका. १६चंच हवं. छोटं सॉकेट आतून वितळतं, बाहेरून पत्ता लागत नाही.