प्लायवूड-फायबरग्लासची मोठी मत्स्यटाकी बांधताना या चुका टाळा

घरी बांधलेली मोठी मत्स्यटाकी, म्हणजे आतून फायबरग्लासचे कापड आणि रेझिनचा जलरोधक थर दिलेली व पुढे काच बसवलेली प्लायवूडची पेटी, सपाट बाजूतून क्वचितच गळते. पाणी वाट काढते ते कोपऱ्यातून, काचेच्या कडेतून आणि पाइपसाठी पाडलेल्या छिद्रांतून, म्हणजे जिथे एक वस्तू संपून दुसरी सुरू होते तिथून. तरीही बांधणाऱ्याचे बहुतेक श्रम मोठे पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात जातात आणि सांध्यांपाशी पोहोचेपर्यंत उरकण्याची घाई सुरू झालेली असते. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या घाईतच आहे.

पहिली चूक कागदावरच होते. टाकी किती लिटरची, याचा हिशेब सगळे करतात, पण बाजूंवर येणारा दाब लिटरवर नव्हे तर पाण्याच्या उंचीवर ठरतो. २४० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर खोल पाण्याच्या टाकीत १६२० लिटर पाणी मावते आणि तिच्या पुढच्या बाजूवर सुमारे ६७५ किलो वजनाइतका जोर येतो. तीच खोली ६० सेंटिमीटर ठेवली तर हा जोर ४३२ किलोपर्यंत उतरतो. म्हणून उंचीचा मोह आवरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दाब तळाशी सर्वाधिक असला तरी खालची कड तळाच्या फळीला जखडलेली असते. मोकळी असते ती वरची कड, आणि फुगवटा तिथेच दिसतो. वरच्या कडेला चहूबाजूंनी आडवी चौकट आणि लांब टाकीत मध्ये आडवी पट्टी द्यावीच लागते. पाणी भरण्यापूर्वी वरच्या कडेला दोरा ताणून खूण करून ठेवावी, म्हणजे नंतर बाजू किती सरकली हे नेमके कळते. फुगवटा वाढत असेल, तर भरलेल्या टाकीला शिकंजे लावून ओढू नये; पाणी काढून मगच आधार वाढवावा.

प्लायवूड मरीन दर्जाचेच, म्हणजे जलरोधक गोंदाने चिकटवलेले आणि आतून भरीव असलेले घ्यावे. हलक्या प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि स्क्रू नेमका त्यात गेला तर त्याला पकड मिळत नाही. सांधे केवळ स्क्रूंच्या भरवशावर न ठेवता जलरोधक गोंदाने भरून मग स्क्रूंनी आवळावेत. काचेची चौकट चार पट्ट्या जोडून करण्याऐवजी एकाच अखंड फळीत खिडकी कापून करावी.

आता कोपऱ्यांकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथेच लागते. फायबरग्लासचे कापड काटकोनात घडी होऊन बसत नाही. ते कोपऱ्यापासून किंचित उचललेले राहते आणि त्याच्यामागे हवेची बारीक नळी तयार होते. पुढे पापुद्रा फुटतो तो तिथेच. यासाठी आतल्या प्रत्येक कोपऱ्यात सिलिका पावडर मिसळून घट्ट केलेल्या एपॉक्सीची, म्हणजे हार्डनर हे दुसरे द्रव्य मिसळले की कडक होणाऱ्या द्रव रेझिनची, गोलाई द्यावी. ती साधारण १ सेंटिमीटर त्रिज्येची असली की कापड तिच्यावर सहज वळते. कापड रेझिनने पूर्ण भिजले की पारदर्शक होते आणि खालचे लाकूड स्वच्छ दिसू लागते. पांढुरके ठिपके किंवा चमकणारे धागे दिसत असतील, तर तिथे कापड कोरडे आहे किंवा हवा अडकली आहे. रेझिन ओले असतानाच रोलरने ती हवा बाहेर काढावी. ते घट्ट झाल्यावर एकच मार्ग उरतो, तो भाग कापून पुन्हा लावणे.

रेझिन आणि कापड यांची जोडीही अनेकदा चुकते. तुटक तंतूंच्या साध्या मॅटमधील बंधक, म्हणजे तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसल्याने ती मॅट ताठच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. एपॉक्सीसोबत विणलेले कापड वापरावे. लाकडाला एपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा चांगली असते, त्यामुळे थोडा जास्त खर्च करून एपॉक्सीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवणे ही तर घोडचूकच आहे, कारण एपॉक्सीचे प्रमाण बिघडले की थर कायमचा मऊ किंवा चिकट राहतो. सुकलेल्या थरावर कधी मेणचट साय जाणवते; ती आधी पाण्याने धुवावी आणि मगच पॉलिश पेपरने घासावे, अन्यथा ती घासून पृष्ठभागभर पसरते आणि पुढचा थर धरत नाही. तापमान चढत असताना लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि थराला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते, म्हणून पहिला हात तापमान उतरत असताना द्यावा. टाकीच्या आत वाकून काम करताना रेझिनची वाफ तळाशी साचते. हवा खेळती ठेवणे, हातमोजे आणि योग्य मास्क यांत तडजोड करू नये.

काच आतून बसवावी, म्हणजे पाण्याचा दाबच तिला चौकटीवर दाबून धरतो. चौकट जमिनीकडे येईल अशी टाकी आडवी करून, घासून व अॅसिटोनने पुसून घेतलेल्या कडेवर सिलिकॉनचा भरपूर थर द्यावा आणि साधारण ३ मिलिमीटर जाडीचे तुकडे मध्ये ठेवून काच उतरवावी. हे तुकडे नसले की काचेच्या वजनाने सिलिकॉन बाहेर पडते आणि लाकडाची हालचाल सोसायला काही उरत नाही. बुरशीरोधक द्रव्ये असलेले स्नानगृहाचे सिलिकॉन माशांना घातक ठरू शकते. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत सुकत जाते, तेही दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. रुंद कडेवर बोटाला कोरडे लागले म्हणून पाणी भरू नये, किमान दोन आठवडे थांबावे. एपॉक्सीचे सगळे काम संपण्याआधी सिलिकॉनची नळी उघडूच नये, कारण त्याचा अंश लागलेल्या जागी एपॉक्सी पसरत नाही.

पाइपची छिद्रे लेपनापूर्वीच पाडावीत आणि त्यांच्या कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. उघड्या कडेतून प्लाय पाणी सर्वांत जलद शोषते.

चाचणी घेताना एक तृतीयांश पाणी भरून दिवसभर पाहावे, मग टप्प्याटप्प्याने वाढवून पूर्ण भरलेली टाकी आठवडाभर ठेवावी. पातळी उतरली तर ते बाष्पीभवन की गळती, हे ठरवण्यासाठी शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन्हींवर खुणा कराव्यात. गळती असल्याचे दिसले तर बाहेर जिथे थेंब दिसतो तिथेच आत भोक असेल असे धरू नये, कारण पाणी प्लायच्या थरांतून दूरवर सरकते. पातळी आपोआप उतरू द्यावी. ती जिथे थांबते, त्याच उंचीवर दोष शोधावा. सापडल्यावर लगेच लेप देऊ नये. ओल्या लाकडावरचा लेप फोड येऊन सुटतो, म्हणून तो भाग उघडा करून पूर्ण वाळू द्यावा. दोष काचेच्या कडेला असेल तर जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन चिकटत नाही. तिथले जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढूनच नवे भरावे.