आर आणि एस: कायरल कंपाउंडची चाचणी लावण्याआधी

कायरल कंपाउंडची दोन रूपं असतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखी; त्यांना आर आणि एस म्हणतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका कंपाउंडचं एस-रूप स्टॅफिलोकोकस या जीवाणूला २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला रोखत होतं, आर-रूप ६४ला. ‘आर कमजोर, पण कामाचं’ असं मी वहीत लिहिलं. आठवड्याने तोच नमुना कायरल कॉलमवर (दोन्ही रूपं वेगळी करणाऱ्या नळीवर) लावला, तर आरमध्ये ३ टक्के एस उरलेलं. ६४चे ३ टक्के म्हणजे जवळपास २! आरच्या नावावर मी जे लिहिलं होतं, ते सगळं त्या उरलेल्या एसचं काम असू शकत होतं.

तेव्हापासून एचपीएलसीचा (असा कॉलम बसवलेल्या, घटक मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख हातात आल्याशिवाय मी चाचणीची प्लेट भरत नाही. नुसत्या पोलॅरिमीटरच्या (नमुना ध्रुवित प्रकाश किती वळवतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबू नका, थोडी भेसळ त्यात सहज लपते. आर, एस आणि दोघांचं समसमान मिश्रण एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावा. सोबत तुलनेसाठी लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ठेवा. ते ऑफ्लॉक्सासिनचं एस-रूपच आहे.

जीवाणूंसाठी ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जीवाणू वाढवायचं पोषक द्रव), औषध प्रत्येक वेलला निम्मं करत न्यायचं. मिलिलिटरमागे ५ लाख जीवाणू, ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सर्वांत कमी मात्रेला ब्रॉथ स्वच्छ राहतो, ती एमआयसी. एकाची ८ आणि दुसऱ्याची १६ आली तर हुरळून जाऊ नका. एका पायरीचा (दुपटीचा) फरक या पद्धतीतच असतो. दोन पायऱ्यांचा फरक तीन वेगवेगळ्या दिवशी टिकला, तर मी तो मानते.

कर्करोगासाठी एमटीटी चाचणी: जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात. पेशी आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून घेतो. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) बरोबर कर्करोगाची नसलेली व्हेरोसारखी (माकडाच्या मूत्रपिंडाची) पेशीही लावाच, नाहीतर साधं विषही औषध वाटेल. वेलमागे ५,००० पेशी, रात्रभर चिकटू द्या, मग ४८ तास कंपाउंड. डीएमएसओ (कंपाउंड विरघळवायचं द्रावक) ०.५ टक्क्याच्या आत, आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही (कंपाउंड नसलेल्या वेललाही). शेवटी एमटीटी घालून तीन-चार तास. जांभळे स्फटिक विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग. मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा) गट असलेलं कंपाउंड एमटीटीला स्वतःच जांभळं करतं, म्हणून बिनपेशींच्या वेलमध्येही ते घालून बघा.

थॅलिडोमाइड या औषधाची दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलतात. तुमचंही बदलत असेल, तर ४८ तासांनी आर आणि एस वेगळे उरणारच नाहीत. पहिल्या प्लेटच्याच दिवशी मी कंपाउंडची एक नळी नुसत्या मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) ३७ अंशांवर ठेवते आणि ४८ तासांनी पुन्हा कायरल कॉलमवर लावते.