पावसात भिजलेली मोटारसायकल सुरू होत नसेल तर आधी प्लग कॅप बघा

गाडी रात्रभर पावसात उभी होती, सकाळी किक मारून मारून पाय दुखायला लागला आणि सेल्फचा आवाजही बारीक होत चालला. आता थांबा. ‘मारत राहा, होईल चालू’ या सल्ल्याने जितक्या गाड्या अडतात तितक्या पावसाने अडत नाहीत. दर किकेला थोडं पेट्रोल आत जातं, ठिणगी नसल्याने ते जळत नाही आणि प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, पेट्रोलने भिजतो. मग पावसाचं पाणी वाळलं तरी गाडी सुरू होत नाही, आणि तोवर बॅटरीही उतरलेली असते.

पुढचं सगळं भिजलेल्या गाडीसाठी आहे, बुडालेल्या गाडीसाठी नाही. पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल किंवा चालती गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर सेल्फ मारू नका आणि ढकलून सुरू करायचाही प्रयत्न करू नका. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये असेल तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी इंजिनात गेलंय. अशी गाडी बंदच ठेवून गॅरेजला न्या.

किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, पेट्रोलचा कॉक बघून घ्या. हॉर्न मरगळलेला असेल तर बॅटरी मोजा: भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज यायला हवा. येत नसेल तर फ्यूज आणि ओले कनेक्टर तपासा.

हे सगळं ठीक असेल तर बिघाड बहुतेक वेळा प्लग कॅपपाशी, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या, प्लगवर बसणाऱ्या टोपीपाशी असतो. याच जागी मी दोन पावसाळे फसलो. नवा प्लग टाकला, मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवून देणारी कॉइल नवी टाकली. मेकॅनिकने प्लग बाहेर काढून, इंजिनला टेकवून ठिणगी दाखवली आणि म्हणाला, ‘करंट एकदम चांगला आहे.’ दुपारी ऊन पडलं की गाडी आपोआप सुरू व्हायची, त्यामुळे दुरुस्ती झाली असंच सगळ्यांना वाटायचं. पुन्हा पाऊस आला की पुन्हा तेच.

बाहेर दिसणाऱ्या ठिणगीवर विश्वास ठेवू नका. उघड्या हवेत प्लगच्या फटीतून ठिणगी सहज उडते. आत पिस्टनने हवा दाबलेली असते, तिथे त्याच फटीतून उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की करंट सोपी वाट शोधतो, आणि ओल्या कॅपचा पृष्ठभाग किंवा रबरातली बारीक चीर ही ती वाट असते. ठिणगी फटीत न पडता बाहेरूनच इंजिनवर उतरते. बाहेरच्या ठिणगीने कॉइल जिवंत आहे एवढंच कळतं. माझ्या गाडीचा दोष शेवटी अंधारात सापडला: सेल्फ मारताना कॅपच्या कडेने निळा धागा सरकताना दिसला. तुम्हीही हे अंधारातच बघा, पण कॅपला किंवा वायरला हात लावू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो.

आता काम. चावी बंद करा, कॅप सरळ वर ओढून काढा, पण प्लगला लगेच पाना लावू नका. अनेक इंजिनांत प्लग एका खळग्यात बसलेला असतो आणि तिथे पाणी साचतं. ते न काढता प्लग सोडवला तर पाणी आणि वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. फडक्याच्या चिंधीने पाणी टिपा, मग टायरच्या पंपाने हवा मारा, तेव्हा डोळे जपा. कित्येक इंजिनांत या खळग्यातून पाणी बाहेर जायला बाजूला छोटं भोक असतं, आणि ते चिखलाने बुजतं. बारीक तारेने ते मोकळं करा. माझ्या गाडीत पाणी साचायचं ते या बुजलेल्या भोकामुळेच.

कॅप आतून-बाहेरून कोरडी करा. रबराला चीर असेल तर नवीनच टाका. चिकटपट्टी गुंडाळायचा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण तिच्याखाली पाणी अडकून बसतं. पाणी उडवणारा स्प्रे तात्पुरता चालतो, पण चीर त्याने बुजत नाही. बऱ्याच कॅप वायरवर आट्यांनी बसतात. फिरवून काढा. वायरचं टोक हिरवट-काळं दिसलं आणि वायर लांबीला पुरेशी असेल, तर 5-6 मिलिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवा. वायर कॅपमध्ये कायमची बसवलेली असेल तर ओढाओढ करू नका. बसवताना रबराच्या कडांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

प्लग ओला असेल तर पुसून वाळवा. तो गॅसच्या ज्योतीवर धरू नका, त्याला पेट्रोल लागलेलं असतं. प्लग बाहेर आणि चावी बंद असताना चार-पाच किका मारा, म्हणजे साचलेलं पेट्रोल निघून जाईल. किक नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. मग प्लग हाताने आट्यांत बसवून पान्याने आवळा आणि कॅप खट्‌ आवाज येईपर्यंत दाबा.

तरीही सुरू होत नसेल तर एअर फिल्टर बघा. कागदी फिल्टर भिजला असेल तर बदला. कार्बोरेटर असेल तर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड असल्याने तळाशी वेगळं दिसतं. दिसलंच तर टाकी रिकामी करा आणि झाकणाखालचं, पाणी वाहून जायचं भोक तपासा. तेही चिखलाने बुजतं आणि झाकणाभोवती साचलेलं पाणी टाकीत उतरतं.