१,४२,८५७ चे वर्गीकरण करताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील गावांत शिष्यवृत्ती आणि नवोदय परीक्षेची तयारी करून घेताना १,४२,८५७ ही संख्या मी हमखास फळ्यावर लिहितो. तिला २ ते ६ पैकी कशानेही गुणले तरी तेच अंक फिरून येतात आणि ७ ने गुणल्यास ९,९९,९९९ मिळतात. मुलांच्या चुकाही अशाच फिरून येतात.

१ भागिले ७ च्या दशांशात हेच अंक पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे या संख्येला ७ ने भाग जाणारच, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बाकी १ उरते. ९,९९,९९९ मध्ये ७ हा मूळ अवयव एकदाच आहे आणि तो आपण आधीच काढून घेतलेला असतो.

सर्वांत मोठा घोळ स्वल्पविरामामुळे होतो. कापसाच्या हिशोबपट्टीवर लाख आणि हजार वेगळे दाखवलेले असतात, तीच सवय हातात बसलेली मुले ३७ ची कसोटी लावताना १ + ४२ + ८५७ = ९०० अशी बेरीज करतात आणि भाग जात नाही म्हणून मोकळी होतात. या कसोटीत उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट हवेत. १४२ + ८५७ = ९९९ आणि ९९९ = २७ × ३७, म्हणून २७ व ३७ या दोन्हींनी भाग जातो. (अंकांची बेरीज २७ आली म्हणजे २७ ने भाग जातो, असा नियम मात्र नाही, १८९९ तपासून पाहावे.) त्याच गटांची वजाबाकी ७१५, म्हणजे ५ × ११ × १३ येते; १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे ११ व १३ ने भाग जातो हे त्यातूनच ठरते.

म्हणजे १,४२,८५७ = ३³ × ११ × १३ × ३७. विभाजक ३२, त्यांची बेरीज २,५५,३६०. ही बेरीज पाहून संख्येला विपुल (स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी असलेली) म्हणू नये. संख्या स्वतः वगळल्यावर १,१२,५०३ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी, म्हणून ती न्यून आहे.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी सांगितलेल्या दोन प्रकारांतही ती बसते. अंकांच्या बेरजेने भाग जातो म्हणून ती हर्षद संख्या आहे. कापरेकर संख्या (जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केल्यास तीच संख्या परत मिळते) म्हणून तपासताना मुले २०,४०,८१,२२,४४९ हा वर्ग स्वल्पविरामावरच तोडून २,०४,०८१ + २२,४४९ = २,२६,५३० असे उत्तर काढतात. मूळ संख्या सहा अंकी असल्यामुळे उजवीकडचे सहा अंक वेगळे करावे लागतात, म्हणजे छेद ८१ च्या मधोमध पडतो: २०,४०८ + १,२२,४४९ = १,४२,८५७.